पाठीत गोळी लागलेल्या भाच्याचं पुढचं आयुष्य: अनुभवी लोकांनी कृपया लिहा (जळगाव-धुळे)

गिरणाकाठ
मंडळी, एरवी मी इथे कापसाचे भाव आणि भरिताची वांगी एवढ्यावरच लिहितो. आज विषय वेगळा आहे.

माझा भाचा, बावीस वर्षांचा, चोपडा तालुक्यातला. मागच्या लग्नसराईत एका हळदीच्या कार्यक्रमात दोन गटांची बाचाबाची झाली, कुणीतरी गावठी कट्टा काढला. भाचा डीजेच्या गाडीमागे उभा होता, भांडण त्याचं नव्हतं. गोळी पाठीतून शिरली आणि मणक्यात अडकली. फायलीवर 'डी-१०, कम्प्लीट, आशिया ए' असं लिहिलंय, म्हणजे छातीमागचा दहावा मणका, त्याखाली हालचाल आणि संवेदना पूर्ण बंद. बेंबीच्या खाली काही कळत नाही. लघवीला नळी आहे.

जीव वाचवला त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी आणि 'व्यायाम चालू ठेवा' यापलीकडे हातात काही पडलं नाही. आता घरात रोज तीन गोष्टींवरून वाद होतो.

गोळी अजून आतच आहे. एक ओळखीचा गृहस्थ सांगतो की बाहेरगावी मोठ्या दवाखान्यात ती काढून देतात आणि मग पाय चालू होतात. मेहुणे त्यासाठी दोन बिघे विकायला निघालेत. दुसरं म्हणजे गेल्या काही आठवड्यांपासून त्याचे पाय आपोआप झटके मारतात. बहिणीने मारुतीला नारळ फोडला, तिला वाटतं जीव परत येतोय. आणि तिसरं, ज्याचं मला जास्त वाटतं: पोरगा खोलीबाहेर पडत नाही. गावात जो भेटतो तो आधी हेच विचारतो की कट्टा कुणाचा होता, तुमच्या पोराचं काय लफडं होतं.

यातून कुणी गेलं असेल तर लिहा.

पांझरा_फिजिओ
धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. फाईल पाहिल्याशिवाय पक्कं बोलता येणार नाही, पण तुमचे दोन प्रश्न इतक्या घरांत ऐकलेत की उत्तर देते.

आधी झटके. मज्जारज्जूला मोठा मार बसला की सुरुवातीचे काही आठवडे खालचा भाग पूर्ण लुळा असतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तो ओसरला की इजेच्या खालच्या रज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते. मेंदूचा हुकूम तिथे पोचत नाही, त्यामुळे तिला आवरणारं कुणी नसतं आणि पाय आपले आपण उडतात. ही चाल परत येण्याची खूण नाही. ताईंना हे कुणीतरी जवळ बसून, घाई न करता सांगायला हवं, आणि फोनवर नको. झटके त्रासदायक असतील तर बॅक्लोफेन देतात, ते मनाने अचानक बंद करायचं नाही, धोका असतो. झटके एकाएकी वाढले तर लघवीत जंतुसंसर्ग, कुठेतरी जखम, अगदी पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नखसुद्धा कारण असू शकतं. शरीर तेवढ्या एका मार्गाने तक्रार करतं.

आता गोळी. मज्जारज्जूला इजा होते ती गोळी आत शिरतानाच्या धक्क्याने. आत राहिलेला धातू रोज नवीन इजा करत नसतो. छाती-पाठीच्या भागातली 'कम्प्लीट' इजा असेल तर गोळी काढून पायात ताकद आल्याचं अभ्यासांत दिसत नाही. खाली, म्हणजे डी-१२ पासून कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत गोळी कण्याच्या पोकळीत असेल तर काढल्याने काही जणांची स्नायूंची ताकद थोडी सुधारल्याचं नोंदलं गेलंय. तुमचा डी-१० त्यात बसत नाही. काढायची ठोस कारणं वेगळी: ताकद किंवा संवेदना हळूहळू आणखी कमी होत जाणं, मेंदू-मणक्यातलं पाणी गळणं, संसर्ग, मणका अस्थिर असणं. क्वचित सांध्याच्या किंवा चकतीच्या द्रवात शिसं विरघळून रक्तात उतरतं, ते तपासता येतं. एमआरआय करायचा झाला तर तिथल्या लोकांना गोळीबद्दल आधी सांगा. शिसं आणि तांबं चुंबकाला दाद देत नाही, पण पोलाद असेल तर प्रश्न येतो, आणि गावठी कट्ट्यात कोणती गोळी होती याची खात्री कोण देणार?

शेत विकू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

केळीबाग_रावेर
स्टेम सेलबद्दल (मूळ पेशी टोचतात ते) पण विचारा ना मॅडम. आमच्याकडे एकाने चार इंजेक्शनांत घर गहाण टाकलं.

पांझरा_फिजिओ
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करायचे असं म्हटलंय. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेजचा दर सांगितला की तिथेच उठून यायचं.

आणि गिरणाकाठभाऊ, अजून एक. घरी कुणी वाळूचा किंवा विटेचा शेक देत असेल तर आजपासून बंद. संवेदना नसलेल्या पायाला चटका कळत नाही. मी शेकाने भाजलेल्या टाचा पाहिल्यात, त्या भरायला महिने लागतात.

चाकावरचा_भुसावळ
गिरणाकाठ भो, मी त्यातून गेलोय. डी-४. मलाही गोळीच. आता कितीतरी वर्षं झाली, चाकावर आहे, मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, संध्याकाळी दुकानावर गर्दी असते म्हणून रात्री लिहितोय.

तुझ्या भाच्याला सांग, डी-१० म्हणजे नशीब बरं आहे. हात शंभर टक्के, पोटाचे स्नायू बऱ्यापैकी. माझं छातीखाली सगळं बंद आहे, बसल्याजागी तोल सांभाळायला मला शिकावं लागलं. तो स्वतः आंघोळ करेल, स्वतः पलंगावरून खुर्चीत जाईल, गाडी चालवेल. फक्त हे सगळं आपोआप होत नाही, शिकायला लागतं, आणि आपल्याकडे शिकवत कुणी नाही.

क्रमाने सांगतो, म्हणजे मला जे महत्त्वाचं वाटतं त्या क्रमाने. चालणं त्यात बरंच खाली येतं.

चामडी. मणक्याचा माणूस मणक्याने मरत नाही, बसून झालेल्या जखमेने आणि किडनीने मरतो. अंथरुणात असताना दर दोन तासांनी कूस. खुर्चीत असताना दर अर्ध्या तासाला पुढे झुकून मांडीवर छाती टेकायची आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. नुसतं हातावर उचलून पाच सेकंदांत परत आपटलं तर रक्त फिरत नाही. मोबाईलला गजर लावा. रोज सकाळी माकडहाड, बसायची हाडं, टाचा, घोटे बघायचे. स्वतःला दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून बघायचे. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या जागेवर वजन टाकायचंच नाही, तो जाईपर्यंत. एअर बेडच्या नादी लागताना एक ध्यानात ठेवा: आपल्याकडे लाईट जाते. पंप बंद, गादी बसते, आणि पेशंट थेट फळीवर. मी जाड चांगल्या फोमवर झोपतो. मधे भोक असलेली रबरी रिंग तर अजिबात नको, कडेने रक्त अडतं.

लघवी. कायमची नळी ठेवली की जंतू आणि खडे. हात चांगले असतील तर स्वतः नळी घालून काढायची, त्याला सीआयसी म्हणतात, दिवसातून चार ते सहा वेळा. मूत्राशयात चारशे-पाचशे मिलीच्या वर साचू द्यायची नाही. हे युरोलॉजिस्टला विचारूनच सुरू करा, पण विचाराच, कारण आपण विचारल्याशिवाय सांगणारे कमी. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी.

संडास. ठरलेली वेळ, रोज किंवा दिवसाआड, जेवणानंतर अर्ध्या तासाने, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. कुणाला घाण वाटेल वाचून, पण हे जमलं तेव्हा मी लग्नाच्या पंगतीत बसलो. त्याआधी मी दोन घास खाऊन उठायचो.

उन्हाळा. हा भाग पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना सांगून कळत नाही. भुसावळचं वैशाख-जेठातलं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि माझ्या अंगाला छातीखाली घाम येत नाही. शरीर थंड करायची सोयच बंद. दुपारी बारा ते पाच मी दुकान बंद ठेवतो, मानेवर ओला पंचा, कूलर, पाण्याचा स्प्रे. डी-१० ला एवढं नसतं पण काळजी घ्यावी. उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर किंवा लोखंडी पलंगावर तसंच बसायचं नाही.

आणि डी-६ व त्याच्या वरच्यांसाठी, इथे कुणी वाचत असेल तर: अचानक डोकं फुटायला आलं, मानेवर-चेहऱ्यावर घाम आणि लाली आली तर बीपी भयानक वाढलेलं असतं. लगेच उठून बसवा, कपडे सैल करा, नळी पिळली गेली का बघा, संडास अडकलाय का बघा. उतरलं नाही तर दवाखाना. साध्या दवाखान्यात याची माहिती नसते, मी कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय.

बाकीचं उद्या. बोटं दुखायला लागली.

रोखठोक
सगळ्यांची सहानुभूती वाचली. मला वेगळं बोलायचंय. ज्या हळदीत कट्टे निघतात तिथे चांगल्या घरची पोरं जातातच कशाला? वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, स्टेटसला 'भाई' लिहायचं, सातपुड्यापलीकडून दहा-पंधरा हजारात कट्टा आणायचा, आणि लागली की समाजाने बघायचं. रस्त्यावर अपघात झालेले, विहीर खोदताना पडलेले, निंबावरून पडलेले मजूर आहेत. आधी त्यांचं बघा.

गिरणाकाठ
तुम्ही वाचलं का नीट? तो हळदीला गेला कारण नवरदेव त्याचा आतेभाऊ. आतेभावाच्या हळदीला जायचं नाही का?

चाकावरचा_भुसावळ
रोखठोक भाऊ, समज माझ्या केसमध्ये भांडण माझंच होतं. मग काय करायचं? माझ्या माकडहाडाला जखम झाली तर तिने आधी एफआयआर वाचायचा का?

तुमच्यासारखं बोलणारे मला दवाखान्यात पण भेटले. ओपीडीत माझी फाईल उघडली की 'गनशॉट' शब्दावर डोळे थांबायचे, मग माझ्याकडे बघायचे. म्हणून मी सहा-सहा महिने दाखवायला जात नव्हतो. त्यातच जखम वाढली, हाडापर्यंत गेली, शस्त्रक्रिया करावी लागली, सगळा खर्च पुन्हा. निंबावरून पडलेल्याला हे होत नाही. त्याला 'बिचारा' म्हणतात आणि आत बोलावतात. आमच्यासारख्याला बाहेर थांबवतात. तुम्ही म्हणता तसं आधी-नंतर लावलं तर आम्ही नंतर उरत नाही.

संपादक
केस कोर्टात आहे असं दिसतं. आरोपी, गाव, लग्नघर यांची नावं कुणीही टाकू नयेत. चर्चा चालू ठेवा.

पारोळेकर_ओहायोत
मी अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवते), माहेर पारोळा. रोखठोक यांनी पडण्याचं म्हटलं ते भारतापुरतं बरोबर आहे, आपल्याकडे मणक्याच्या इजेत उंचावरून पडणं आणि रस्ते अपघात हीच मुख्य कारणं. इथलं चित्र वेगळं आहे. इथे वाहन अपघात आणि पडणं यांच्यानंतर तिसरं कारण हिंसा, आणि त्यात बहुतांशी बंदुकीची गोळी. माझ्या वॉर्डात एकोणीस-वीस वर्षांची मुलं येतात. त्यांच्या इजा बहुधा छातीच्या मणक्यांत, बहुधा कम्प्लीट, आणि नसांचं दुखणं इतर कारणांच्या रुग्णांपेक्षा जास्त असल्याचं दिसतं. जिथे स्पर्श कळत नाही तिथेच आग होते, करंट लागतो. भाच्याला असं होत असेल तर तो ते सोंग करत नाहीये. प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं असतात, पूर्ण जात नाही पण झोप लागण्याइतपत कमी होतं.

इथे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. १९७० च्या दशकात इथे रिहॅबमध्ये (पुनर्वसन केंद्रात) तीन महिने ठेवत, आता महिनाभरात विमा कंपनी घरी पाठवते. आणि घर म्हणजे कधी तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं, आणि ज्या गल्लीत गोळी लागली त्याच गल्लीतलं. कोणत्याही एका वर्षात साधारण तीस टक्के रुग्ण पुन्हा हॉस्पिटलात भरती होतात, मुख्य कारण लघवीचे आजार, मग चामडी. म्हणजे चाकावरचादादांनी ज्या दोन गोष्टी वर ठेवल्या त्याच इथल्या राष्ट्रीय आकडेवारीत वर आहेत, फक्त क्रम उलटा.

इथे एक गोष्ट मात्र चांगली करतात. रुग्ण शुद्धीवर आला की काही दिवसांत जुना रुग्ण त्याला भेटायला आणतात, स्वतःच्या खुर्चीवर, स्वतःची गाडी चालवत आलेला. माझ्या तासभर बोलण्याने जे होत नाही ते त्याच्या पार्किंगमधून वर येण्याने होतं.

अजून एक: फटाके. गोळी लागलेल्या मुलांना सुतळी बॉम्बच्या आवाजाने घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही, तोच प्रसंग परत परत दिसतो. तुमच्याकडे लग्नसराई म्हणजे रोज बार उडणार. तो खोलीबाहेर येत नाही याचं कारण लाज असेल, पण भीतीही असू शकते. मानसोपचारतज्ज्ञ पाहा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आखाजीची_माहेरवाशीण
सगळे त्या पोराबद्दल लिहितायत, लिहायलाच पाहिजे. पण त्याच्या मायची कंबर कुणी विचारली का? माझ्या दिराला (ट्रॅक्टर उलटला होता) सासूबाईंनी वर्षभर कवळ्यात धरून उचललं. आता दोघंही अंथरुणावर.

उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. पलंग आणि खुर्ची एका उंचीवर, मधे गुळगुळीत फळी, आणि पोरगा हाताने स्वतः सरकतो. फळी सुताराने करून दिली, सागाची, कडा गोल घासून. फिजिओने शिकवल्यावर आठवड्यात जमलं.

दुसरं लिहू का नको असं होतंय, पण लिहिते. बावीस वर्षांच्या पोराचं लघवी-संडास माय करतेय ना? तो कमी जेवत असेल बघा. पाणी पण कमी पीत असेल. माझा दीर तसंच करायचा, मायला परत परत करायला नको म्हणून. तो बारीक झाला, लघवी गढूळ झाली, ताप आला, आम्ही म्हणायचो भूक नाही त्याले. भूक होती. त्याला स्वतःचं स्वतः करायला शिकवा, मग बघा कसा जेवतो. शिकेपर्यंत पुरुष माणसाने करावं, बापाने, मामाने.

गिरणाकाठ
ताई, तुमची पोस्ट वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, 'हो, अर्धी भाकरीच खातो.' मी उद्या जातोय.

कोर्टपक्षी
जिल्हा न्यायालयात वकिली करतो. थोडं कायद्याचं.

गुन्ह्यात बळी पडलेल्यांसाठी भरपाईची योजना आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६. महाराष्ट्राची योजना २०१४ ची. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, वकील लावायला पैसे लागत नाहीत. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही तरी अर्ज करता येतो. लोक निकालाची वाट पाहत बसतात आणि मग मुदतीचा मुद्दा येतो, तसं करू नका. पुढच्या उपचारांचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लिहून घ्या: कॅथेटर, खुर्ची, गादी, सगळं.

'आपसात मिटवून टाका' असा दबाव येईल, आला असेलच. खुनाचा प्रयत्न हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. साक्षीला वरच्या मजल्यावर कोर्ट असेल तर तसा अर्ज द्या, व्हिडिओवरून साक्षीचीही तरतूद आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लगेच काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ते हातात आलं की बाकीचे दरवाजे: तहसीलमध्ये संजय गांधी निराधार, एसटी-रेल्वेची सवलत, एलिम्को या सरकारी कंपनीची साधनं, २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो मार्चमध्ये कुठेतरी 'बसवला' जातो. ग्रामसभेत उभं राहून विचारा, किंवा खुर्चीत बसून विचारायला त्यालाच न्या. ग्रामसेवकाचा चेहरा बघण्यासारखा होईल.

निवृत्त_सुभेदार_अमळनेर
फौजेत गोळी लागून कंबरेखाली गेलेले जवान मी खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये पाहिले आहेत. एक नाव सगळ्यांना ठाऊक हवं: मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं ती गोष्ट वेगळी.

चाकावरचा_भुसावळ
सुभेदारसाहेब, सलाम. पण पहिल्या वर्षाच्या पोराला पेटकरांचं उदाहरण लगेच देऊ नका. मला दिलं होतं. मी तेव्हा कूस बदलायला मायला हाक मारत होतो, आणि हे म्हणे सुवर्णपदक. त्याला आधी दाढी करू द्या, चौकात चहा पिऊ द्या. पदकाचं नंतर बघू.

खडकीचं सेंटर फौजींसाठी आहे. आपल्यासाठी मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, १९५५ पासूनची. जळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो. चौकशी करून जा, राहायची तयारी ठेवून जा.

राहिलेलं सांगतो. पायांबद्दल. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) लावून वॉकरने उभं राहता येतं आणि रोज थोडं उभं राहावं, चांगलं असतं. पण कॅलिपरने बाजारात जाणं म्हणजे घामाने निथळणं. खुर्ची म्हणजे हार मानली असं घरचे समजतात, आणि पोराला वर्ष-वर्ष खुर्ची घेऊन देत नाहीत, की चालायचं सोडेल. चालायचं सोडत नाही, जगायचं सोडतो. पहिल्या वर्षात जी सुधारणा व्हायची ती बहुतेक होते, तेवढ्या काळात खुर्ची असली तर ती थांबत नाही.

लग्नाचं. विचारणार नाही तो, पण मनात असेल. मला मुलगी आहे, तिसरीत आहे. डी-१० पर्यंतच्या बऱ्याच पुरुषांना वैद्यकीय मदतीने मूल होऊ शकतं, त्याचे तज्ज्ञ असतात. हे त्याच्या कानावर एवढ्यात पडलं पाहिजे. वीस-बावीसच्या वयात 'आपलं संपलं' असं रात्री छताकडे बघत ठरवून टाकतात.

केळीबाग_रावेर
कामाचं पण बोला. पोरगा काय करायचा आधी?

गिरणाकाठ
ठिबकची कामं. व्हॉल्व्ह, फिल्टर, खताची टाकी. बारावी झालाय. हिशोबाला पक्का.

केळीबाग_रावेर
मग झालं की. आमच्याकडे केळीच्या गाड्या भरताना वजन, घडांची प्रत, मजुरी, भाडं, दिल्लीच्या व्यापाऱ्याशी फोन, हे सगळं एका जागी बसून करणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही, पळतो. ठिबकचा आराखडा तर आता मोबाईलवरच करतात. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी पण होईल. त्याला माझ्याशी बोलू द्या. दया म्हणून नाही सांगत, मला खरंच माणूस हवाय.

रोखठोक
माझं मत तेच आहे. पण चोपड्यात माझ्या साडूचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कमोड खुर्ची, बाथरूमचे दांडे करून देईल, मटेरियलचे पैसे द्या फक्त. निरोप करा.

आखाजीची_माहेरवाशीण
😀

गिरणाकाठ
जाऊन आलो. बहिणीशी बोललो, पांझरा मॅडमनी सांगितलं तसं जवळ बसून. ती रडली, मग म्हणाली की मला दवाखान्यातच वाटलं होतं. मेहुण्यांनी शेताचं सध्या थांबवलंय. भाच्याला हा धागा दाखवला. रात्री उशिरापर्यंत फोन त्याच्याकडेच होता. खालची पोस्ट त्याची आहे.

डी१०
नमस्कार. मामाने सांगितलं म्हणून लिहितोय. चाकावरचा दादा, दोन विचारायचे होते. आमच्या खोलीचं दार सव्वीस इंची आहे, संडासाचं चोवीस. दवाखान्यातली जी खुर्ची होती ती संडासात जात नव्हती. आणि पावसाळ्यात आमची गल्ली म्हणजे काळ्या मातीचा चिखल, त्यात खुर्ची चालते का?

चाकावरचा_भुसावळ
आला का भो. 

दवाखान्यातली घडीची खुर्ची सगळ्यांच्या मापाची म्हणजे कुणाच्याच मापाची नसते. बसून कंबर मोज, दोन्ही बाजूला बोटभर जागा, तेवढीच सीट. तू बारीक असशील तर पंधरा-सोळा इंची लागेल, चाकं धरून साधारण चोवीसच्या आसपास जाते, म्हणजे खोलीचं दार झालं. संडासाचं दार काढून टाक, पडदा लाव, आणि तिथे रोखठोकभाऊंच्या साडूची कमोड खुर्ची, छोट्या चाकांची.

काळ्या मातीत पुढची छोटी चाकं रुततात. पुढची मोठी आणि रुंद घे. तरी पाऊस लागला की मी गल्लीत खुर्ची घालत नाही, सरळ साईडव्हीलच्या स्कूटरवर बसतो. ती आरटीओत दिव्यांगाची गाडी म्हणून नोंदवून घे, नाहीतर विम्याला भांडत बसशील.

तुझ्या घराला ओटा आहे का? उंची किती?

डी१०
आहे. दीड फूट. दोन पायऱ्या.

चाकावरचा_भुसावळ
एक फूट उंचीला बारा फूट लांबी धर. म्हणजे अठरा फूट उतार लागेल. गवंडी म्हणेल एवढा कशाला, सहा फुटात करतो. ऐकू नको, त्यावरून तू मागे उलटशील. वर दाराजवळ पाच फूट सपाट जागा ठेव, खुर्ची वळवायला. पृष्ठभाग खरखरीत, टाईल नको. दोन्ही कडेला चार बोटं उंच कठडा.

पुढच्या रविवारी मी चोपड्याला येतोय, माझ्याच गाडीने. टेप घेऊन येतो.

डी१०
अंगण चौदा फूटच आहे. मधे तुळस.

चाकावरचा_भुसावळ
मग मधे वळण घ्यावं लागेल. तुळस हलवायची का नाही ते मायला विचार, मी सांगणार नाही. अंगणाचा फोटो टाक.